मोठे टेबल की चपळ हात?

आमच्या मोहल्ल्यात एक लहानसे वाचनालय आहे. दोन खोल्या, सहा कपाटे, एक लांब टेबल आणि कोपऱ्यात २०१२ सालचा एक संगणक. खरे सांगायचे तर पुस्तकांपेक्षा या संगणकाकडे येणाऱ्यांची संख्या अधिक. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे अर्ज, निकाल, दाखले. घरी संगणक नाही आणि भलामोठा अर्ज मोबाइलवर भरणे जमत नाही, अशा घरांतली मुले इथे येतात.

दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. दहावीतली एक मुलगी संध्याकाळपासून या यंत्रासमोर बसली होती. दाखला जोडायला घेतला की पडदा थिजायचा. आतली डिस्क कुरकुरत राहायची. तेवढ्यात अर्जाची वेळ संपायची आणि पहिल्यापासून सुरुवात. रात्री बारा वाजले, मुदत संपली. मुलगी काही बोलली नाही. तिचे अब्बा एवढेच म्हणाले, "मशीन म्हातारं झालंय, भाईसाहेब."

कमिटीची बैठक बसली. काहींचे म्हणणे, हे धूड भंगारात काढा. पण नव्यासाठी पैसे कुठून आणायचे? शेवटी थोडी वर्गणी जमली आणि मी यंत्र घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोराने ते उघडून पाहिले आणि विचारले, "चाचा, रॅम वाढवू की फास्ट टाकू? एवढ्या पैशांत दोन्ही नाही व्हायचं."

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेव्हा आमच्या कॉलेजात संगणक नव्हता. उत्तर देता येईना, म्हणून दोन दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. वाचता वाचता ध्यानात आले की हा प्रश्न त्या पोराचा नाही. संगणकाचा जन्म झाला तेव्हापासून तो शास्त्रज्ञांच्या मानगुटीवर बसलेला आहे.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. संगणकात विचार करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्याला लागणारी माहिती दोन ठिकाणी असते. कायमची साठवण हार्ड डिस्कवर आणि हातातल्या कामापुरती रॅममध्ये, म्हणजेच मेमरीत. वाचनालयाचेच उदाहरण घ्या. प्रोसेसर हा वाचक, मेमरी म्हणजे त्याच्या पुढ्यातले टेबल आणि डिस्क म्हणजे पुस्तकांचा माळा. टेबलावरचे पुस्तक हात लांबवला की मिळते. माळ्यावरचे हवे असेल तर शिडी लावावी लागते. मेमरी वाढवणे म्हणजे टेबल मोठे करणे. वेगवान मेमरी घेणे म्हणजे टेबलावर फिरणारा हात चपळ करणे.

मग दोन्ही का नाही? चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात आपल्या कल्पनेतल्या यंत्राचे दोन भाग केले होते, कोठार आणि गिरणी. आकडे कोठारात राहायचे आणि गिरणीत दळले जायचे. कोठार जितके मोठे, तितके आकड्याला चालत यावे लागणार, ही अडचण आजही संपलेली नाही. अमेरिकन नौदलातील संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानांत श्रोत्यांना सुमारे फूटभर लांबीचे तारेचे तुकडे वाटत असत. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, वीज फार तर एवढेच अंतर जाऊ शकते, हे त्यांना दाखवायचे असे. कोठार वाढले की तारा लांबतात, शोधायच्या जागा वाढतात आणि वेळ वाढतो. वेग हवा तर कोठार लहान ठेवा आणि भरपूर पैसे मोजा.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत एनिअ‍ॅक हा प्रचंड संगणक तयार झाला आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये जगापुढे आला. जुन्या रेडिओत असत तसे सतरा हजारांहून अधिक व्हॉल्व्ह त्यात होते, पण गणित चालू असताना बदलते आकडे ठेवायला जागा होती फक्त वीस, प्रत्येकी दहा अंकांची. आकडेमोड विजेच्या वेगाने आणि टेबल पाटाएवढे.

त्याच वर्षी जूनमध्ये प्रिन्स्टन येथे आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन या तिघांनी पुढच्या संगणकाचा आराखडा लिहिला. त्यात त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की खरे तर अमर्याद मोठी आणि मागताक्षणी हवे ते देणारी मेमरी हवी, पण ती बनवता येत नाही. तेव्हा मेमरीच्या पायऱ्या करा. वरची लहान आणि वेगवान, खालची मोठी आणि सावकाश. आज आपल्या टेबलावरचा संगणकही याच पायऱ्यांवर उभा आहे.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी 'बेबी' नावाच्या छोट्या यंत्राने आपल्याच मेमरीत ठेवलेला आज्ञावलीचा पहिला पाठ चालवून दाखवला. तिची मेमरी म्हणजे जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबसारखी एक नळी. काचेमागे विजेचे ठिपके उमटवायचे आणि ते विरण्याआधी पुन्हा पुन्हा गिरवायचे. कोणताही ठिपका तत्काळ वाचता येई, पण मावत किती? १,०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट. मोबाइलवरचा एखादा लहानसा निरोपच काय तो त्यात मावायचा.

पुढच्या वर्षी, मे १९४९ मध्ये, केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांचा एडसॅक चालू झाला. त्यात पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या होत्या. आकडे आवाजाच्या ठोक्यांच्या रूपात नळीच्या एका टोकाला सोडायचे, ते पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचले की पुन्हा पहिल्या टोकाला आणायचे. गिरकी चालू आहे तोवर स्मृती जिवंत. यात जागा जास्त मिळाली, पण हवा असलेला आकडा फिरून आपल्यासमोर येईपर्यंत थांबणे आले. एकाच देशात, एका वर्षाच्या अंतराने, एकाने चपळ हात निवडला आणि दुसऱ्याने मोठे टेबल.

थांबण्याची ही किंमत माणसांनी कशी भरली, हेही पाहण्यासारखे आहे. आयबीएमचा ६५० हा संगणक १९५४ पासून लोकांच्या हाती पडू लागला. त्याची मेमरी म्हणजे मिनिटाला १२,५०० फेऱ्या घेणारे चुंबकीय पिंप. दहा अंकी दोन हजार आकडे त्यावर मावत. एक आज्ञा पुरी होईपर्यंत पिंप किती फिरले असेल याचा अंदाज बांधून आज्ञावली लिहिणारे लोक पुढची आज्ञा नेमक्या त्याच जागी लिहीत. अंदाज चुकला तर अख्ख्या फेरीची वाट पाहायची. पुढे ही मांडणी करून देणारी आज्ञावलीच तयार झाली. मेमरीचा संथपणा माणसाने आपल्या बुद्धीने भरून काढला होता.

मोठी सुटका केली ती चुंबकीय कड्यांनी. मोहरीएवढ्या काळ्या कड्या, प्रत्येकीतून बारीक तारा ओवलेल्या, एका कडीत एक बिट. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांच्या गटाने १९५३ मध्ये व्हर्लविंड या संगणकात त्या बसवल्या. पिक्चर ट्यूबसारख्या नळ्या काढून कड्या घातल्यावर यंत्राचा वेगही वाढला आणि भरवसाही. या कड्या हाताने ओवाव्या लागत आणि ते काम बहुतेक स्त्रियाच करीत. मण्यांचे विणकाम पाहिलेल्या माणसाला त्या जाळ्या ओळखीच्या वाटतील.

ही विद्या मुंबईतही आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण मंडळींनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. पुढे तो टिफरॅक नावाने ओळखला गेला. त्याची चुंबकीय कड्यांची मेमरी होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे ८१,९२० बिट, आजच्या हिशेबाने १० किलोबाइट. एवढ्याशा टेबलावर तिथल्या शास्त्रज्ञांनी आपली गणिते मांडली. मोजकी जागा असली की माणूस ती जपून वापरतो. आजच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना ही सवय राहिलेली नाही, आणि त्याचा भुर्दंड जुन्या यंत्रांच्या मालकांना पडतो.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. मँचेस्टरचेच टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी यांनी डिसेंबर १९६२ मध्ये अ‍ॅटलास नावाचा संगणक सुरू केला. त्यात कड्यांची वेगवान मेमरी होती सुमारे १६ हजार शब्दांची आणि पिंपांवरची संथ मेमरी सुमारे ९८ हजार शब्दांची. किलबर्न यांनी युक्ती केली. दोन्ही मिळून एकच मोठी मेमरी आहे असे आज्ञावलीला भासवायचे. लागेल ते पान यंत्र स्वतःच पिंपावरून कड्यांत आणील आणि न लागणारे परत ठेवील. टेबल लहान, पण वाचकाला वाटावे की सारा माळाच टेबलावर मांडला आहे. ही सोय इतकी उपयोगी ठरली की आपला संगणक आजही तेच करतो. रॅम भरली की तो मुकाट्याने डिस्कचा एक तुकडा रॅम म्हणून वापरू लागतो.

पण या सोयीत एक खड्डा होता. साठच्या दशकात एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालू लागली. आणखी एखादे काम वाढवले की काही वेळा सारे यंत्रच एकाएकी बसायचे. बंद पडायचे नाही, उलट आत प्रचंड धावपळ असायची. पण काम शून्य. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये त्याचा उलगडा केला. प्रत्येक कामाला त्या त्या वेळी काही पाने जवळ लागतातच. तेवढी पाने टेबलावर मावली तर काम सुरळीत चालते. मावली नाहीत, तर एक आणण्यासाठी दुसरे माळ्यावर ठेवावे लागते आणि पुढच्याच क्षणी ते दुसरेच हवे असते. वाचकाचा सगळा दिवस शिडीवर जातो. त्या रात्री आमच्या यंत्राची कुरकुर ऐकू येत होती ती याचीच. ते म्हातारपण नव्हते, टेबल अपुरे होते.

शिडीचा खर्च किती, याचा साधा हिशेब करू. प्रोसेसरने रॅममधून काही मागितले तर ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायचे तर सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. रॅमची एक खेप एका सेकंदाची मानली, तर डिस्कची खेप एक लाख सेकंदांची, सत्तावीस तासांहून अधिक. आता दहा हजार खेपा कराव्या लागल्या आणि त्यांतली एकच डिस्कवर गेली असे समजा. रॅमच्या खेपांना दहा हजार सेकंद, पण त्या एका खेपेलाच लाख सेकंद. एकूण काम अकरा पट लांबले. अशा वेळी वीस टक्के चपळ रॅम घातली तर दहा हजारांचे आठ हजार होतील, लाख तसेच राहतील. टेबल मोठे केले तर लाखच जातील.

रॅमच्या वेगाचा प्रभाव आपल्याला वाटतो त्याहून कमी असण्याचे दुसरेही एक कारण आहे. पाऱ्याच्या नळ्यांवाल्या विल्क्स यांनीच १९६५ मध्ये सुचवले की मोठ्या मेमरीच्या पुढे एक छोटी, अतिवेगवान मेमरी ठेवावी आणि नुकतेच लागलेले त्यात राहू द्यावे. माणूस ज्या पानावर असतो त्याच्या आसपासच पुन्हा येतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण. आयबीएमने १९६८ मध्ये आपल्या एका मोठ्या यंत्रात अशी १६ किलोबाइटची मेमरी बसवली. तिलाच कॅश म्हणतात, लपवलेला साठा या अर्थी. आज ती प्रोसेसरच्या पोटातच असते. बहुतेक मागण्या तिथेच भागतात, रॅमपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे रॅमचा वेग थोडा वाढला तरी एरवीच्या कामात तो फारसा जाणवत नाही.

रॅम स्वस्त झाली ती रॉबर्ट डेनार्ड यांच्यामुळे. त्यांच्या कल्पनेला १९६८ मध्ये पेटंट मिळाले. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक इवलासा साठा, बस्स. हा साठा गळका असतो, सारखा भरत राहावा लागतो, पण जागा आणि पैसा फार थोडा लागतो. इंटेलने १९७० मध्ये १,०२४ बिटांची रॅम चिप विकायला काढली आणि काही वर्षांत कड्यांचा जमाना संपला. मोठे पण स्वस्त टेबल जिंकले.

ही निवड सामान्य गिऱ्हाइकापुढे ठळकपणे आली ती १९९९ ते २००१ या काळात. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवून घेण्याचे ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना पीसी-१०० आणि पीसी-१३३ हे रॅमचे प्रकारही आठवतील. त्याच सुमारास इंटेलने रॅम्बस कंपनीच्या नव्या, वेगवान मेमरीचा पुरस्कार केला. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तोही सुरुवातीला फक्त तिच्याच जोडीने. तिचे वेगाचे आकडे डोळे दिपवणारे होते आणि किंमतही. शिवाय पहिला आकडा हाती यायला तिलाही वेळ लागतच असे, पुढचे आकडे मात्र भराभर येत. तेवढ्याच पैशांत साधी रॅम कितीतरी जास्त मिळत होती. लोकांनी साधी रॅम घेतली. सप्टेंबर २००१ मध्ये इंटेललाही पेंटियम ४ साठी साध्या रॅमची सोय करावी लागली. पुढच्याच महिन्यात विंडोज एक्सपी आली. तिच्यासाठी १२८ मेगाबाइट रॅम असावी अशी शिफारस होती. ज्यांची रॅम तेवढी होती त्यांचे काम चालले. कमी रॅमच्या यंत्रांवर शिडी सुरू झाली. रॅम्बसची मेमरी घरगुती संगणकांतून लवकरच मागे पडली आणि डीडीआर जातीची रॅम रुळली. आजची रॅम तिच्याच वंशातली.

एवढे वाचून मी दुकानात गेलो. आमच्या यंत्रात डीडीआर-३ जातीची २ गिगाबाइटची एकच पट्टी होती आणि एक स्लॉट रिकामा होता. पोराने दोन पर्याय सांगितले. १६०० वेगाची ४ गिगाबाइटची एक नवी पट्टी, किंवा १३३३ वेगाच्या ४ गिगाबाइटच्या दोन जुन्या, तपासलेल्या पट्ट्या. मी विचारले, "बेटा, आपला मदरबोर्ड किती वेग घेतो?" त्याने पाहून सांगितले, "चाचा, १३३३." म्हणजे १६०० ची पट्टीही तिथे १३३३ नेच धावली असती. वेगवान घोडा बैलगाडीच्या मागे बांधल्यासारखे. शिवाय या आकड्यांतही गंमत आहे. बाजारात नेहमी दिसणाऱ्या पट्ट्यांत १३३३ वाली पहिला आकडा द्यायला सुमारे साडेतेरा नॅनोसेकंद घेते आणि १६०० वालीही जवळपास तेवढाच वेळ घेते. फरक पडतो तो त्यामागून येणाऱ्या रांगेत. उलट सारख्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या की बहुतेक यंत्रांत रस्ता दुपदरी होतो. तेव्हा दोन पट्ट्यांत जागाही मिळाली आणि थोडा वेगही.

याचा अर्थ वेग नेहमीच निरुपयोगी, असा नाही. टेबल आधीच पुरेसे असेल तर ते आणखी वाढवून काही मिळत नाही, रिकाम्या खुर्च्या वाढतात एवढेच. चित्रपटांचे संकलन, मोठी गणिते, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावरचे खेळ, यांना वेगवान रॅमचा फायदा होतो. म्हणून खर्च करण्याआधी आपले नेहमीचे काम चालू ठेवून पाहावे. रॅम जवळजवळ भरलेली आणि डिस्क अखंड चालू, असे दिसले तर टेबल लहान आहे. रॅम अर्धी रिकामी असूनही यंत्र संथ असेल तर दोष दुसरीकडे आहे. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो आणि कोणत्या जातीची, हे विचारावे, कारण एका जातीची पट्टी दुसऱ्या जातीच्या खाचेत बसत नाही. विंडोज ३२ बिटांची असेल तर घरगुती यंत्रात ४ गिगाबाइटच्या पुढची रॅम वाया जाते. आणि पुन्हा पैसे साठले तर फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घालावी. तिच्यामुळे माळाच खाली येतो, शिडी लहान होते.

आज हे सांगण्याला एक निमित्तही आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅमचे भाव चढले. ज्यांना नवे घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी जुने यंत्र हीच शाळा आणि तेच कार्यालय असते. ते भंगारात काढण्याआधी त्याच्या मेमरीकडे एकदा पाहायला हवे. आम्ही आमच्या यंत्रावर लिनक्स टाकून घेतली, ती फुकट मिळते.

आता त्यात ८ गिगाबाइट रॅम आहे. टिफरॅकच्या आठ लाख पटींहून अधिक. यंत्र तरुण झालेले नाही. सुरू व्हायला अजून वेळ घेते, पण एकदा उठले की कामाला नाही म्हणत नाही. त्या मुलीची शिष्यवृत्ती परत आणता आली नाही, ती सल आहे. यंदा तिचा धाकटा भाऊ अर्ज भरायला आला होता. ती शेजारी उभी राहून त्याला कागद जोडायला सांगत होती. अर्ज पंचवीस मिनिटांत गेला. मुदत संपायला अजून चार दिवस होते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)